बंद नाही, निजवली

सिंधूकाकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. हात कोपरापर्यंत कणकेने माखलेले होते, म्हणून त्यांनी कीबोर्डवरची खालच्या बाणाची कळ करंगळीच्या टोकाने दाबली, आणि पडद्यावरची पांढरी पट्टी सगळ्यात खालच्या ओळीवर जाऊन बसेपर्यंत दाबतच राहिल्या. मग एंटर. मग श्वास सोडला.

"हुकलंच असतं आता," त्या मला म्हणाल्या. "तू तरी दाबायचं होतं वं वैजू. बसली हायेस समोर."

मी म्हटलं, मला वाटलं आपोआप सुरू होईल.

"आपोआप होते तेच तं नको हाय मले," असं म्हणून त्या पोळ्यांकडे परत गेल्या.

त्या खोलीत आणखी एक माणूस होता. खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून, लाकडी आरामखुर्चीत बोबडेकाका बसले होते. ते नुसतं "मग" म्हणाले. कुणाला म्हणाले, ते कळायला मार्ग नव्हता.

ही परतवाड्याची गोष्ट आहे, बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका पौषातली. त्या वर्षी चिखलदऱ्याच्या डोंगरावरचं धुकं खाली उतरलं होतं आणि दुपारपर्यंत गावातच मुक्काम ठोकून बसायचं. रस्त्यावरून संत्र्यांच्या गाड्या जात. गाडी दिसायच्या आधी वास यायचा आणि दिसेनाशी झाली तरी वास मागे रेंगाळायचा. मी तेव्हा बाजारातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते आणि फावल्या वेळात लोकांच्या घरी जाऊन आजारी मशीनींची नाडी पाहत होते. काकूंकडे त्याच कामासाठी गेले होते. त्या घरी लग्नपत्रिका तयार करत. पौष सरला की माघातली लग्नं अंगावर येतात, आणि ऐन हंगामात त्यांच्या मशीनने जागा संपली म्हणून हात वर केले होते. गणपती, कलश, नवरानवरीचे फोटो, सगळं ठासून भरलेलं. एक पत्रिका तर अर्धीच जतन झाली होती; वधूचं नाव शिल्लक होतं आणि वर गायब.

आता बोबडेकाकांविषयी सांगायला हवं. बोबडे हे आडनाव, आणि अख्ख्या तालुक्यात त्यांच्याइतकं स्वच्छ बोलणारा माणूस नव्हता. देवाला थट्टा करायची लहर येते तेव्हा तो आडनावांपासून सुरुवात करतो. पुंडलिकराव बोबडे एसटी स्टँडवर कंट्रोलर होते आणि गाड्यांची घोषणा करत. माझी आई धारणीला नर्स होती. लहानपणी सोमवारी पहाटे ती मला खांद्यावर टाकून स्टँडवर यायची, आणि मी अर्धवट झोपेत तो आवाज ऐकायचे. घटांग, सेमाडोह, हरिसाल मार्गे धारणीकडे जाणारी गाडी. एकेक नाव असं यायचं की त्यामागे जंगल उभं राहावं. माझी कित्येक वर्षं अशी पक्की समजूत होती की गाडीला ड्रायव्हर नेत नाही, तो आवाज नेतो. आवाजाने हरिसाल म्हटलं नाही तर हरिसाल येणारच नाही. मोठी झाल्यावर ही समजूत गेली, पण फार दूर गेली नाही.

घरी मात्र काका आमच्यासारखंच बोलत. ते प्रमाण मराठी माइकसाठी राखून ठेवलेलं, धुवट कपड्यासारखं.

रिटायर व्हायला थोडेच महिने राहिले होते तेव्हा त्यांना वाटलं की आपल्या आवाजात सगळ्या मार्गांच्या घोषणा घरी रेकॉर्ड करून स्टँडला देऊन जाव्या. माणूस घरी बसला तरी आवाज ड्युटीवर राहील, असं ते म्हणत. भाच्याने, नागपूरच्या प्रफुल्लने, त्यासाठी मशीनची नवी मांडणी करून दिली. एकाच डिस्कवर दोन बिऱ्हाडं थाटली. एकात विंडोज, ते काकूंचं. एकात लिनक्स, ते काकांचं. रेकॉर्डिंगची सगळी हत्यारं त्यात फुकट मिळत होती. मशीन सुरू केली की आधी एक काळा पडदा येऊन विचारायचा, कुणाच्या घरी जायचं? घटकाभर वाट पाहायचा आणि कुणी काही बोललं नाही तर आपला काकांच्या घरी जायचा. म्हणून काकू धावायच्या.

काकांच्या बिऱ्हाडाला एक जादा खोली होती. मशीनच्या हाताशी जी जागा असते ती स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी. एका वेळी काय मावेल तेवढंच. ओटा भरला की लागत नाही ते उचलून आत ठेवायचं, लागलं की परत आणायचं. त्या आतल्या जागेला स्वॅप म्हणतात. काका मधली खोली म्हणायचे. काकूंच्या बिऱ्हाडातून ती खोली दिसतच नाही. म्हणजे भिंत दिसते, पलीकडे काहीतरी आहे एवढं कळतं, पण दार नाही.

"तेच पाडून टाक," काकू कणीक मळता मळता आतून म्हणाल्या होत्या. "प्रफुल्ल म्हने फोनवर, मामाचं सगळंच पुसून टाका, आता कोन वापरते? मी म्हटलं सगळं नको, पन ते मधलं तं कोनाचंच नाई ना? तेवढी जागा मले दे."

दिवाळीच्या दिवसांतच काकांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, पाय निम्मा परत आला, आणि बोलणं गेलं. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोकं शाबूत आहे, शब्द सापडत नाहीत एवढंच. सगळ्या शब्दांतून एकच वाचला, तो 'मग'. भूक लागली तरी मग, दिवा लावला तरी मग. सगळ्या मार्गांची नावं तोंडपाठ असलेल्या माणसाकडे हा एवढा एकच थांबा उरला होता. पण त्या एका शब्दाला ते किती परी काढत. उंच, बसका, लांबवलेला, तुटका. मी तासभर बसले आणि मला त्यातले दोन-तीन ओळखू यायला लागले. काकूंना येत नव्हते, असं मला वाटलं. काकू त्यांचं सगळं करत. वेळेवर औषध, मऊ भात, धुतलेलं धोतर. पण करताना पाहायच्या ताटाकडे, नाहीतर सदऱ्याच्या गुंडीकडे. खुर्चीही त्यांनीच खिडकीकडे वळवून ठेवली होती.

"बाहेर पाहत बसते, बरं वाटते त्यांले," त्या म्हणाल्या. "गाड्या आवडत ना लय." आवडत, असं म्हणाल्या. खुर्ची चार हातांवर होती.

काम हातात घ्यायच्या आधी काकूंच्या पत्रिका सीडींवर उतरवून घ्यायला मी सुरुवात केली. त्याला वेळ लागणार होता. काकू पोळ्या आटोपून संत्री सोलत माझ्याजवळ येऊन बसल्या आणि त्या दिवसाची गोष्ट, शेजारच्या घरात घडल्यासारखी, सांगायला लागल्या.

त्या दिवशी सकाळपासून काकांनी रेकॉर्डिंग ऐकायला घेतलं होतं. सगळं ऐकून झालं, पण एका जागी आवाजात काहीतरी खरखर आली होती, आणि ते तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावत होते. दोन शब्द, पुन्हा तेच दोन शब्द. काकूंना भाजी फोडणीला टाकायची होती, दुपारी लाइन जायच्या आत मिक्सर लावायचा होता, आणि कानात हे कीर्तन.

"मी आतूनच वरडली," काकू म्हणाल्या. "म्हटलं, बंद करा ते आता. कोनी लक्ष देऊन नाई राह्यलं तुमच्याकडे. तं म्हने, निजतो. बस, एवढंच. मग मशीन बी गप झाली आन् लाइन बी गेली. मी जेवायले बोलवाले आली तं ह्याच खुर्चीत निजले होते. म्हटलं थकले असन, निजू द्या. सांजच्याले लाइन आली तवा उठवाले गेली."

मग त्या संत्र्याच्या फोडीवरचे पांढरे दोरे एकेक करून काढत राहिल्या. डॉक्टरांनी विचारलं, हे कधी सुरू झालं? तेव्हा, ते आपल्या तोंडाने निजतो म्हणून निजले, एवढंच त्या सांगू शकल्या होत्या. लवकर आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले आणि तिथेच थांबले. चांगली माणसं वाक्य अर्धवट सोडतात. पण अर्धवट वाक्य माणसाला जन्मभर पुरतं.

"रेकॉर्डिंगचं काय झालं?" मी विचारलं.

काही नाही झालं. प्रफुल्लने येऊन सीडी लावून, काकांच्या बिऱ्हाडात न शिरता बाहेरूनच शोधलं, त्याला काही सापडलं नाही. मामाने जतनच केलं नसेल, म्हणाला. स्टँडवर आता कुणा मुलीचा आवाज लागत होता.

"मग," खिडकीतून काका म्हणाले. बसका आणि तुटका. मी मान वळवली, काकूंनी वळवली नाही.

पत्रिका उतरवून झाल्यावर मी माझ्याकडची लिनक्सची सीडी घातली आणि मशीन तिच्यावर सुरू केली. म्हणजे कुणाच्याही बिऱ्हाडाचं कुलूप न उघडता घराला बाहेरून एक प्रदक्षिणा घालायची. समोर यादी आली. ही काकूंची जागा, ही काकांची, आणि ही मधली खोली. खोली पाडायची तर एक कळ पुरे होती. पण रिकामी असली तर तिच्यापुढे जो शब्द दिसतो तो नव्हता, दुसराच होता. मी तो याआधी फक्त पुस्तकात पाहिला होता. त्याचा अर्थ एवढाच, की खोली रिकामी नाही. आत कुणीतरी निजलेलं आहे.

मशीनला असं करता येतं. बंद करताना ओट्यावर जे जसं मांडलेलं आहे ते तसंच्या तसं उचलून मधल्या खोलीत नेऊन ठेवायचं आणि दिवे घालवायचे. मग वीज असो नसो, दिवस जावोत की महिने. पुन्हा त्या घरी गेलं की सगळं होतं तसं ओट्यावर परत येतं, अर्धी चिरलेली मिरचीसुद्धा. ज्या गावात रोज दुपारी लाइन जाते तिथे काकांसारख्या माणसाला ही सोय आवडली नसती तरच नवल. त्या दिवशीही त्यांनी तेच केलं होतं. कुणीच त्या घरात परत गेलं नाही, म्हणून ते तसंच होतं. बाहेर पौष आला होता आणि त्या खोलीत अजून दिवाळीचे दिवे विझले नव्हते.

मला इतका आनंद झाला की मी मागचापुढचा विचार न करता बोलून गेले.

"काकू, काकांनी मशीन बंद केलीच नव्हती. निजवली होती त्यांनी."

काकूंच्या हातातली फोड तशीच राहिली.

"काय म्हटलं तू?"

"निजवली होती. बंद न करता तशीच—"

"निजवली," काकू म्हणाल्या. मग हळूच, तोंडातल्या तोंडात, एखादा पदार्थ चाखून पाहावा तसं म्हणाल्या, "निजवतो."

मला अजून काही कळलं नव्हतं. काकूंनी ताटली खाली ठेवली. पदराने हात पुसले, पुन्हा पुसले.

"कुकर होता वं. शिट्टी होऊन राह्यली होती. मी म्हटलं बंद करा, तं ते म्हनले असन, बंद कशाले, निजवतो. मशीनले म्हनले ते. मले वाटलं, निजतो." त्यांनी पहिल्यांदा खुर्चीकडे, म्हणजे खुर्चीच्या पाठीकडे पाहिलं. "म्हनजे ते निजले नव्हते. वैजू, ते निजले नव्हते आन् मी त्यांच्या अंगावर चादर टाकली."

तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी मी, मशीनचं तेवढं ठाऊक होतं. बाहेर एक गाडी गेली आणि धुकं तिच्यामागे पुन्हा मिटलं. एका 'व'ने केलं होतं हे सगळं. शिट्टीत बुडालेल्या एका 'व'ने.

खुर्चीच्या हातावर काका डाव्या हाताच्या बोटांनी टकटक करत होते. "मग?" ते म्हणाले. हा मी आधी ऐकला नव्हता. उंच जाऊन वाट पाहणारा.

काकूंनी मला विचारलं की त्या खोलीत नेमकं आहे काय. मी म्हटलं, त्या घटकेला काकांसमोर जे होतं ते, दुसरं काही नाही आणि कमीही नाही. उठवता येतं का? येतं, पण एकदाच. उठलं की ती झोप मोडली. आणि नीट उठलं नाही तर गेलं, परत नाही. शिवाय आणखी एक भीती होती, तीही मी सांगितली. काकांच्या बिऱ्हाडातून काकूंच्या बिऱ्हाडात एक दार उघडं होतं, ते भजनं ऐकायला तिकडे जात. निजलं तेव्हाचं जग त्या घराच्या डोक्यात आहे. मधल्या काळात काकूंनी केवढ्या पत्रिका केल्या, काय हलवलं, काय पुसलं, त्याला पत्ता नाही. जागं झाल्यावर ते जुन्या खुणांनी चालायला लागेल आणि काकूंच्या मांडामांडीवर पाय देईल. पत्रिका उतरवून घेतल्या होत्या, तरी एखाद-दुसरी बिघडू शकली असती.

"बिघडू दे," काकू म्हणाल्या.

मी म्हटलं, आज घाई नको. उद्या दुसरी एक डिस्क आणते, खोलीची नक्कल काढून ठेवू, मग धोका नाही. शहाणपणाचं तेच होतं. काकूंनी ते ऐकलं, आणि नाही म्हणून मान हलवली.

"त्या दिवशी बी म्हटलं होतं मी, निजू द्या," त्या म्हणाल्या. "आता नाई. उठव."

मी सीडी काढली आणि मशीन पुन्हा सुरू केली. काळा पडदा आला. कुणाच्या घरी जायचं? काकूंचा हात सवयीने पुढे आला, करंगळी बाणाच्या कळीवर टेकली. पण काकूंनी हात मागे घेऊन मांडीवर दुसऱ्या हाताखाली धरून ठेवला. आम्ही दोघी काही न करता बसून राहिलो. काही न करणं इतकं अवघड असतं हे मला तेव्हा कळलं. पडद्याने वाट पाहिली, कुणी बोललं नाही, आणि तो आपला काकांच्या घरी गेला.

डिस्क कुरकुरायला लागली. आत कुणीतरी उठून चालतंय, भांडीकुंडी उचलून बाहेर आणतंय असा आवाज. पडदा काळाच. मग पुरता काळा. मी मनात गणपतीपासून सगळ्यांना हाका मारल्या; काकूंच्या पत्रिकांमधले गणपतीसुद्धा सोडले नाहीत.

आणि तो उघडला. मागे काकांनी लावलेलं चित्र, सेमाडोहच्या रस्त्यावरचे साग. कोपऱ्यात घड्याळ होतं. त्यात ती दुपार होती, लाइन जायच्या जरा आधीची, ज्या दुपारी स्वयंपाकघरात कुकर होता आणि खुर्चीतल्या माणसाला सगळी नावं येत होती. पापणी लवायच्या आत आकडे उडाले आणि आजची वेळ आली. पण मी ती दुपार पाहिली. काकूंनीही पाहिली.

आवाजाची लांबच लांब निळी रेघ पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होती, सगळे मार्ग, सगळी गावं, जतन करायची राहिलेली. तिच्या सुरुवातीचा छोटासा तुकडा काकांनी निवडून ठेवला होता, तो पुन्हा पुन्हा वाजावा म्हणून. स्पीकर खरखरला.

"प्रवाशांनी कृपया," बोबडेकाका म्हणाले. भरलेला, धुवट, सोमवारच्या पहाटेचा आवाज. मध्ये थोडी शांतता, त्यात ती कुठलीशी खरखर. "प्रवाशांनी कृपया."

काकूंनी तोंडावर हात ठेवला. त्या दिवशी ऐकून कान किटले होते ते हेच दोन शब्द. तुकडा तिथेच संपत होता आणि तिथूनच पुन्हा सुरू होत होता, वाट अडलेल्या गाडीसारखा.

"प्रवाशांनी कृपया."

"इकडे लक्ष द्यावे."

हे स्पीकरमधून आलं नव्हतं. आमच्या मागून आलं होतं. जाड, ओलसर, एका बाजूने कललेला आवाज. पण एकेक अक्षर जागच्या जागी होतं, शेवटचा 'वे' स्टँडवर लांबवायचे तसाच लांबवलेला.

मी हात पुढे करून तो तुकडा थांबवला. का कोण जाणे, मला वाटलं आता त्याने मध्ये बोलू नये. मग जे करायचं ते भराभर केलं, ती लांब रेघ जतन केली, एकदा, दोनदा, तीन जागी. उघडं राहिलेलं दार लावून घेतलं. माझी पाठ खोलीकडे होती आणि मी ती मुद्दाम तशीच ठेवली.

पुढचं सांगायचं तर, काकांचं बोलणं त्याच रस्त्याने परत आलं. अमरावतीच्या, बोलणं परत शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की पाठ झालेलं, सुरात म्हटलेलं डोक्यात वेगळ्या जागी असतं, तिथून थोडंथोडं उचलून आणता येतं. थोडंथोडंच आलं. वर्षभराने ते चहा मागायचे तेव्हा सगळी घोषणाच करायचे: प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे, चहा. घटांग आणि हरिसाल आले, सेमाडोह शेवटपर्यंत आलं नाही. रेकॉर्डिंग स्टँडवाल्यांनी घेतलं, पण मशीन बदलल्यावर ते मागेच पडलं. त्याचं काकूंना काही वाटलं नाही. दोन पत्रिका बिघडल्या, त्या मी सीडीवरून परत आणल्या. आणि मधली खोली जागी झाल्यावर रिकामी झाली, तेव्हा ती पाडून मी लहान बांधली आणि उरलेली जागा काकूंना दिली. अशी खोली नव्याने बांधली की तिला नवं नाव मिळतं, आणि ते घराला सांगावं लागतं. नाहीतर घर रोज उठताना जुन्या खोलीची वाट पाहत दारातच अडून बसतं. मी ते सांगायला विसरले नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी काकू उठल्या. खुर्ची जड होती, ती वळवायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. स्वतःच वळसा घालून पुढे गेल्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर, त्यांच्या अगदी समोर, धुक्याकडे पाठ करून बसल्या. गुंडीकडे नाही, ताटाकडे नाही, तोंडाकडे पाहत.

"देतो लक्ष," काकू म्हणाल्या. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. "हे काय, देऊनच राह्यली. बोला."

काकांनी त्यांच्याकडे खूप वेळ पाहिलं. डावा हात उचलून काकूंच्या गुडघ्यावर ठेवला. ओठ हलले, काहीतरी शोधत राहिले.

"मग," ते म्हणाले. रात्रभराचा प्रवास करून आलेल्या माणसाला, चहा पुढे ठेवून, आपण म्हणतो तसा.

तेवढ्यात लाइन गेली. पंखा नव्हताच, पण घरातली कसली तरी घरघर होती ती थांबली. टेबलाखालचा यूपीएस टुकटुक करू लागला; त्याच्या जिवावर मशीन थोडाच वेळ तग धरायची. पडद्यावर सेमाडोहचे साग तसेच उभे होते. जतन सगळं झालं होतं, पण सवय ती सवय. मी दबक्या आवाजात विचारलं, "काकू, निजवू का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाई," म्हणाल्या. "जागी हाय तंवर जागी राहू दे."